काही होत नाही, एनू आगंगिल्ल

बेळगावात भाषेवरून वाद नवा नाही. दुकानाच्या पाटीवरून होतो, एस.टी.च्या फलकावरून होतो, आणि 1 नोव्हेंबरला तर एकाच गावात एका गल्लीत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीत मराठी लोकांचा काळा दिवस असतो. पण एका वाक्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. मराठी डॉक्टर म्हणतात, "काही होत नाही हो." कन्नड डॉक्टर म्हणतात, "एनू आगंगिल्ल री." गर्भाशयात हार्मोनची मशीन, म्हणजे तांबीसारखं पण औषध सोडणारं साधन, बसवून घेणाऱ्या बाईला हे वाक्य दोनदा ऐकायला मिळतं, बसवताना आणि काढताना. माझं म्हणणं असं की हे वाक्य खोटं आहे, बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. आणि त्यापायी आमच्या भागात कितीतरी बायका पुढे गर्भाशयाची पिशवी गमावून बसतात.

मी शाळेत शिकवते. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर टिळकवाडीत. अडतिसाव्या वर्षी माझ्या अंगावरून इतकं जायचं की पाळीच्या दिवसांत मी वर्गात खुर्चीवर शाल घडी करून बसायचे आणि फळ्यावर लिहायला उठायचं टाळायचे. हिमोग्लोबिन 7.4. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत जाड झालेली दिसली, अ‍ॅडिनोमायोसिस. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." दोन मुलं झाली की त्या अवयवाचं काम संपलं, असा तो हिशेब. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मशीन सुचवली. मी ती बसवली, पाच वर्षं ठेवली, मग काढली. त्या मशीनमुळे माझी पिशवी वाचली हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी 'बघा, हार्मोन म्हणजे विषच' असा अर्थ काढू नये.

आमच्याकडे मूल न राहण्यासाठी बसवतात ती तांबी, म्हणजे कॉपर-टी, सगळ्यांना माहीत आहे. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, एका प्रकारची पाच वर्षं, दुसऱ्या प्रकारची दहा वर्षं चालते. तांबीने पाळी वाढते, कधी पोटात जास्त दुखतं. हार्मोनची मशीन दिसायला तशीच, इंग्रजी टी अक्षरासारखी, साधारण 32 मिलिमीटरची, पण तिच्या दांड्यात 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं. सुरुवातीला रोज सुमारे 20 मायक्रोग्रॅम सुटतं आणि मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरावर काम करतं. अस्तर पातळ होतं, म्हणून पाळी कमी होते. फिनलंडमध्ये ही 1990 साली वापरात आली, अमेरिकेत 2000 मध्ये मंजूर झाली, आणि 2015 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. औषधाचं नाव अवघड वाटलं तरी ते आपल्या ओळखीचं आहे. माला-डीच्या गोळीत तेच असतं, रोज 150 मायक्रोग्रॅम. औषधाच्या दुकानात कागदात गुंडाळून मिळणाऱ्या आय-पिलमध्येही तेच, एका गोळीत 1.5 मिलिग्रॅम. गणित मांडून बघा, मशीन अडीच महिन्यांत जेवढं सोडते तेवढं त्या एका गोळीत. जी बाई आय-पिल निर्धास्त गिळते तीच मशीनचं नाव काढलं की 'हार्मोन नको गं बाई' म्हणते, याची मला गंमत वाटते.

म्हणजे औषध काही राक्षस नाही. तक्रार आहे ती न सांगण्याबद्दल.

मशीन मी आषाढात बसवली. बसवताना दोन मिनिटं जीव कळवळला, तेही कुणी सांगितलं नव्हतं, पण ते जाऊ दे. मला सांगितलेलं इतकंच, "पाळी कमी होईल, मग बंदही होईल, छान वाटेल." श्रावण गेला. पाळी बंद व्हायच्या ऐवजी रोज डाग. कधी तपकिरी, कधी लाल, चार दिवस कोरडे आणि परत सुरू. भाद्रपद आला, दारात गौरी.

आमच्या घरी अजून बाजूला बसायची रीत आहे. आहे ती बरी की वाईट हा वाद मी घरात वीस वर्षं घालतेय, इथे घालत नाही. औषधाच्या डबीतल्या इंग्रजी कागदावर 'पहिले तीन ते सहा महिने अनियमित रक्तस्राव' असं छापलेलं असतं. ज्या देशांत ते शब्द लिहिले गेले तिथे त्याचा अर्थ पॅडचा खर्च आणि थोडी चिडचिड. टिळकवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ असा, की बाई साडेतीन महिने शिवाशिवीत अडकली. साडेतीन महिने बाजूला कोण बसणार आणि डबे कोण भरणार? मी काय केलं? खोटं बोलले. सांगितलंच नाही. गौरी मीच घरात आणल्या, ओवसा केला, आणि ते तीन दिवस मला झोप आली नाही. मी शिकलेली, पगार मिळवणारी, असल्या गोष्टींवर विश्वास नसलेली बाई, तरी झोप आली नाही. खानापूरकडच्या माझ्या एका मावसबहिणीला दोन पौर्णिमा सौंदत्तीचा डोंगर चढता आला नाही. यल्लम्माचं नवस फेडणं राहिलं, म्हणून घरात जे काही बिनसलं ते सगळं मशीनच्या माथी आलं. तिसऱ्या महिन्यात तिने मशीन काढून टाकली. आणखी दोन-तीन महिने थांबली असती तर डाग बहुधा थांबले असते. पण हे तिला कुणी म्हणालंच नव्हतं. तिला सांगितलेलं, "काही होत नाही."

पुढची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. गोळ्यांनी गुण नाही, मशीन सोसली नाही, मग डॉक्टर म्हणतात, आता पिशवीच काढू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिची पिशवी गेली.

हा एकटीचा दाखला असता तर लिहिला नसता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या तीनांहून जास्त बायकांनी पिशवी काढलेली सांगितली, आणि काढताना निम्म्या बायकांचं वय 34 किंवा त्याहून कमी होतं. सर्वांत जास्त सांगितलेलं कारण कुठला कर्करोग नसून जास्त जाणारी पाळी, म्हणजे नेमका तोच त्रास ज्यावर ही मशीन चालते. अनेक बायकांचा रक्तस्राव तिने सहा महिने ते वर्षभरात 70 ते 90 टक्क्यांपर्यंत कमी होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 साली गाजलं. त्या टोळ्या अथणी, रायबाग, चिकोडीच्या फडांतही येतात, कोयता घेऊन आमच्याच रस्त्याने जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली विनाकारण गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्यांना नियम लागू करायला सांगितले. नियम हवेतच. पण 'आधी दुसरा उपाय करून बघा' हा नियम कागदावर पाळला जाईल, मशीन बसवली जाईल, बाईला काही सांगितलं जाणार नाही, ती तीन महिन्यांत परत येईल, आणि फाइलमध्ये नोंद होईल, 'दुसरा उपाय करून पाहिला, उपयोग नाही.' याला काय म्हणायचं?

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे. एका सकाळी ऐंशी पेशंट, त्यातल्या निम्म्या बायकांबरोबर सासू किंवा नवरा आत घुसलेला. एका ओळखीच्या डॉक्टरीणबाई मला स्पष्टच म्हणाल्या, "टीचर, सगळं सांगत बसलं की घाबरतात की हो, मग बसवूनच घेत नाहीत." ही समजूत प्रामाणिक आहे, पण चुकीची आहे. फिनलंडमध्ये ही मशीन वापरणाऱ्या सुमारे 18 हजार बायकांची उत्तरं गोळा करून 2002 साली अभ्यास छापला गेला. पाळी कशी बदलेल, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतील का, मन कसं राहील हे ज्यांना आधी सांगितलं होतं त्या बायका मशीनवर जास्त खूश होत्या. यात नवल काय? पेपर अवघड असणार हे आधी सांगितलं तर पोरं अभ्यास करून येतात. 'सोपा आहे' म्हणून सांगितलं आणि अवघड निघाला तर मास्तरावर विश्वास राहत नाही. आमच्याकडे डॉक्टरवरचा विश्वास असाच उडतो आणि शेजारणीवर जाऊन बसतो.

आणि शेजारणीला तरी काय ठाऊक? कर्नाटकात 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे 57 टक्के बायकांचं मूल बंद करण्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा सांगायलाही लाज वाटावी असा, जवळपास शून्य. गल्लीत चाळीस घरं असतील तर त्या ऑपरेशनबद्दल सांगणाऱ्या वीस भेटतील, तांबीबद्दल एखाद-दोन, हार्मोनच्या मशीनबद्दल बहुतेक कुणीच नाही. ती खाजगीत काही हजार मोजून बसवायची गोष्ट.

मग सांगायचं काय? मी डॉक्टर नाही, पण पाच वर्षं ती पोटात वागवली आणि जमेल तेवढं वाचलं. डाग सांगावेत, किती महिने तेही सांगावं. वर्षअखेर साधारण पाचांतल्या एकीची पाळी पूर्ण थांबते, हे सांगावं, आणि थांबली म्हणजे रक्त आत साठतंय असं नव्हे, अस्तरच पातळ झालंय तर जाणार काय, हेही. कारण सासूबाईंनी मला सहाव्या महिन्यात हळूच विचारलेलं, "राहिलीस की काय गं?" मशीन असताना दिवस राहण्याची शक्यता फारच थोडी, पहिल्या वर्षात हजारात दोघी. पण तशी वेळ आलीच तर गर्भ नळीत असण्याचा धोका मोठा, म्हणून चाचणी होकारार्थी आली आणि एका बाजूला दुखू लागलं तर गावातल्या कंपाउंडरकडे न थांबता थेट बेळगाव किंवा मिरज गाठायचं. बसवताना हजारात एखाद-दोघींच्या गर्भाशयाला भोक पडू शकतं, अंगावर पाजणाऱ्या आईला हा धोका जास्त. काहींची मशीन आपोआप बाहेर पडते. डोकं दुखणं, स्तन दुखणं, मुरुम, अंडाशयावर पाण्याच्या गाठी ज्या बहुतेक वेळा आपोआप विरतात.

आणि मन. इथे मी थांबते, कारण 'काही होत नाही' सर्वांत जोरात इथेच ऐकू येतं. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त मुली आणि बायकांच्या नोंदी तपासून 2016 साली दिसलं की हार्मोनची गर्भनिरोधकं, त्यांत ही मशीनही, वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याच्या गोळ्या सुरू होण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त होतं, कोवळ्या मुलींमध्ये आणखी जास्त. मशीनमुळेच नैराश्य आलं असं त्यावरून सिद्ध होत नाही, आणि बहुतेक बायकांना असा त्रास होतही नाही. पण एखादी बाई म्हणाली की मशीन बसवल्यापासून उगाच रडू येतं, तर तिला 'घरचं टेन्शन असेल' म्हणून वाटेला लावायचा अधिकार कुणाला उरत नाही. त्याच देशातून 2024 साली स्तनाच्या कर्करोगाबद्दलचा आकडा आला. पाच वर्षांपर्यंत मशीन वापरणाऱ्या दहा हजार बायकांमागे जादा 14 जणी. हा आकडा असाच, दहा हजारांत चौदा म्हणून, सांगायला हवा. 'कर्करोग होतो' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं जितकं चुकीचं तितकंच तो गिळून टाकणं. जिच्या आईला किंवा बहिणीला तो आजार झालाय ती बाई या चौदाकडे वेगळ्या नजरेने बघेल. तो निर्णय तिचा.

आता काढण्याबद्दल, कारण त्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. काढणं तसं सोपं, दोरे चिमट्यात धरून ओढतात, क्षणभर कळ येते, संपलं. दोरे दिसत नसतील तर सोनोग्राफी करून मशीन कुठे आहे ते बघावं लागतं. खरी अडचण निराळी आहे. काढून द्यायला डॉक्टर राजी होत नाहीत. "अजून मुदत आहे, एवढे पैसे घातलेत, राहू दे की." एका दवाखान्यात तर आधी नवऱ्याला घेऊन या म्हणाले. सज्ञान बाईने स्वतःच्या पोटातली मशीन काढून मागितली तर नवऱ्याची सही लागते असा कायदा नाही. बसवायलाही लागत नाही. बसवण्याचा सल्ला देताना 'हवी तेव्हा काढता येते' हे वाक्य फार गोड लागतं, ते काढायच्या दिवशीही तितकंच खरं असलं पाहिजे.

मी काढली तेव्हा डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी पाळीसारखं जाऊ लागलं. मग महिना सव्वा महिना काहीच नाही. त्यानंतर पाळी आली ती जुन्याच जोराने. मी घाबरले, वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. औषध रक्तातून थोड्याच दिवसांत निघून जातं, अस्तर पुन्हा वाढायला लागतं आणि बहुतेकींची पाळी महिना-दीड महिन्यात येते. मशीन असतानाही बऱ्याच बायकांची बीजं महिन्याच्या महिन्याला सुटतच असतात, त्यामुळे अंडाशयाला जागं व्हायला वेळ लागतो ही समजूत चुकीची. आणि जुना जोर परत आला याचं कारण उघड आहे, अ‍ॅडिनोमायोसिस गेलाच नव्हता, मशीनखाली दबून होता. हे एक वाक्य आधी कळलं असतं तर मी लोहाच्या गोळ्या पंधरा दिवस आधी सुरू केल्या असत्या.

उलट बाजूही सांगायला हवी. मशीन काढल्यावर मूल राहायला वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं असं आमच्याकडे घट्ट समजतात. तसं नाही. मूल हवं म्हणून काढणाऱ्या शंभरातल्या ऐंशीजणींना वर्षभरात दिवस राहतात, म्हणजे मशीन न वापरणाऱ्यांइतकंच. मूल नको असेल तर मात्र हीच गोष्ट अंगाशी येते. काढण्याआधीच्या आठवड्यातल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. तेव्हा काढायच्या आधीच दुसरा उपाय सुरू करायचा किंवा तो आठवडा सांभाळायचा. निपाणीकडच्या एका बाईला तिसरं मूल असंच राहिलं. ती अजून म्हणते, मशीनची सवय इतकी की लक्षातच आलं नाही.

काढल्यावर मला आणखी एक झालं. दोन महिने केस गळाले, रडू यायचं, रात्री घामाने जाग यायची. अशा अनुभवांवर संशोधन फार थोडं आहे, बायका मात्र जगभर हेच सांगतात. माझं वय त्रेचाळीस होतं, त्यामुळे पाळी जायच्या आधीचे बदल पाळीच नसल्याने झाकले गेले असतील आणि मशीन निघाल्यावर दिसू लागले असतील, हेही शक्य आहे. दोन्ही शक्यता मला शांतपणे सांगणारं कुणी भेटलं असतं तर मी थायरॉइडच्या तीन तपासण्या करत हिंडले नसते. अर्थात तासाला पॅड भिजणं, ताप, घाणेरडा वास, न थांबणारं दुखणं हे 'होतं असं' म्हणून सोसायचं नाही, त्या दिवशीच दवाखाना.

भाषेचा प्रश्न आमच्या वाट्याला जादाचा. संमतीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. मला कन्नड वाचता येतं, माझ्या आईला येत नाही, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीत तिच्यासारख्या हजारो आहेत. जिथे भाषिक अल्पसंख्य 15 टक्क्यांहून जास्त तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही शिफारस जुनी आहे. पण मी हा मुद्दा सीमावादाच्या गठ्ठ्यात बांधून देणार नाही, कारण सौंदत्तीच्या कन्नड बाईला तरी तिच्या भाषेतला कागद कुठे नीट समजावून सांगतात? र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे कोर्टकचेऱ्या सोसत मराठीत या गोष्टी लिहीत राहिले. म्हैसूर संस्थानाने 1930 साली सरकारी खर्चाने अशी केंद्रं उघडली, जगात पहिल्यांदा. मुंबई इलाख्यात जन्मलेल्या आणि म्हैसूर राज्यात येऊन पडलेल्या आमच्या जिल्ह्याला दोन्हीकडचा वारसा मिळाला म्हणायचा, तर निदान एक पान दोन भाषांत छापायला काय हरकत आहे? त्या पानावर कोणती मशीन, कधी बसवली, कोणत्या वर्षी काढायची, पहिले सहा महिने काय होईल, काढल्यावर काय होईल, आणि मागितल्या दिवशी ती काढून मिळेल. एवढंच.

मी असं एक पान हाताने लिहून घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या आशाताईंना दिलं. त्यांनी वाचलं, घडी करून डायरीत ठेवलं, म्हणाल्या, "टीचर, याचं कन्नड पण द्या की, मला दोन्हीकडं जायला लागतंय." म्हणून शाळेतल्या कन्नडच्या टीचरांना लिहायला बसवलं. सगळं भराभर झालं, अडलं ते एका शब्दाशी. डाग. मी म्हटलं, तुमच्यात काय म्हणतात? त्या हसल्या, दाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हणायला शब्द आहे, पण लिहिलेला कधी बघितला नाही. मराठीतही मी तो शब्द दोनदा खोडून मगच लिहिला होता. शेवटी त्यांनीही लिहिला, ठळक, पहिल्याच ओळीत.